अमावस्येची रात्रपाळी

सकाळी ९.१०

शटर अर्ध्यावर अडकतं. भाचा खांदा लावतो, मग ते करकरत वर जातं. औंढा नागनाथमध्ये देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावरचं हे फोटोचं दुकान. दहा फूट रुंद, अठरा फूट खोल. पुढं काउंटर, मागं निळा पडदा, पडद्यामागं एक बारकी खोली. ही वडिलांची डार्करूम होती. आता तिथं कॉम्प्युटर आणि लग्नाच्या अल्बमची खोकी. छताला लाल बल्ब मात्र तसाच लटकतोय.

भाचा मालकाला मामा म्हणतो. दुपारपर्यंत मीही मामाच म्हणायला लागलो. मामांचं वय एक्केचाळीस. उजव्या खांद्यावर कॅमेऱ्याच्या पट्ट्याचा घट्टा पडलाय.

आज चैत्र अमावस्या. शेजारचा किराणावाला उंबऱ्यावर नारळ फोडतो. मामा दहा रुपयांची लिंबू-मिरची घेऊन शटरच्या कडीला बांधतात. लग्नसराई जोरात आहे, पण आज कुठंच मांडव नाही.

"अमावस्येला कुणी लग्न काढत नाही," मामा म्हणतात. "म्हणून आजची रात्र माझी."

सकाळी ९.४०

पहिलं गिऱ्हाईक नर्सिंगच्या फॉर्मसाठी आलेली मुलगी. दुसरे पेन्शनवाले आजोबा. त्यांची टोपी काढावी की नको यावर थोडा वेळ जातो. मामा टोपी काढायला लावतात, केस बसवायला कंगवा देतात. कंगवा दोरीनं आरशाला बांधलेला आहे.

"हनुवटी जरा खाली. इकडं बघा. झालं."

पासपोर्ट आकाराचे आठ फोटो, पन्नास रुपये. कागद, शाई आणि वीज धरून बारा-तेरा रुपये खर्च. आजोबा चाळीस देतात. मामा घेतात.

काउंटरवर लाल पुठ्ठ्याची वही आहे. रोजची जमा डाव्या पानावर, खर्च उजव्या. पासपोर्टला पा, लॅमिनेशनला ल. मधूनच एखाद्या ओळीत नुसतं आ लिहिलेलं दिसतं. आ म्हणजे आकाश. या ओळीला उजव्या पानावर बरेच आकडे आहेत, डाव्या पानावर फार थोडे.

सकाळी ११.३०

आजच्या आ मागं एक गिऱ्हाईक आहे. गावातल्या एका लॉजच्या मालकाला काउंटरमागच्या भिंतीवर बारा फूट बाय तीन फुटांचं चित्र हवंय. त्यांनी मोबाइलवर कुठलंसं चित्र पाहिलं. लाल दगडांची खोल दरी, वाळवंट, वर क्षितिजापासून क्षितिजापर्यंत आकाशगंगेची कमान. तसं पाहिजे, पण आपलं पाहिजे, म्हणजे खाली नागनाथाचं देऊळ पाहिजे. बोली सात हजारांची. दोन हजार आगाऊ मिळालेत.

मामा मला देवळाकडं घेऊन जातात. चालत पाच मिनिटं. खालचा भाग यादवकाळातला, काळ्या दगडाचा, थरावर थर कोरलेला. वरचं शिखर नंतरचं, रंग दिलेलं. गाभारा जमिनीखाली आहे, वाकून उतरावं लागतं. नंदी समोर नाही, देवळाच्या पाठीमागं आहे. त्याची कथा इथलं पोरगंही सांगतं. नामदेवांना कीर्तन करताना दारासमोरून उठवलं, ते मागच्या बाजूला जाऊन बसले, तर देऊळच त्यांच्याकडं तोंड करून फिरलं.

"इथं देऊळ फिरलंय," मामा म्हणतात. "मला नुसता कॅमेरा फिरवायचाय. तरी जमत नाही."

का जमत नाही, ते वर बोट करून दाखवतात. आवाराभोवती दिव्यांचे खांब. रस्त्यावर उंच खांबाचे पांढरे दिवे. रात्री इथून दहा-बारा तारे दिसतात. भाविकांना उजेड हवाच. बायाबापड्या पहाटे दर्शनाला येतात, त्यांना ठेच लागू नये. मामांची त्याबद्दल तक्रार नाही. त्यांना फक्त अंधारासाठी आता पेट्रोल घालून लांब जावं लागतं.

दुपारी १.००

जेवण दुकानातच. भाकरी, पिठलं, कांदा. मग काउंटरवर पंचा अंथरून सामान मांडलं जातं.

कॅमेरा वापरलेला घेतलाय, नांदेडहून, अठ्ठ्याहत्तर हजारांना. चोवीस मिलिमीटरची लेन्स, तीही वापरलेली, बत्तीस हजारांना. पतसंस्थेचा हप्ता अजून सात महिने जायचाय. लग्नात ही लेन्स मांडवाचा एकूण फोटो काढायला आणि अरुंद खोलीत हळद घ्यायला कामी येते. "नुसत्या आकाशासाठी एवढा खर्च केला असता तर बायकोनं घरात घेतलं नसतं."

तीन बॅटऱ्या चार्ज. दोन कार्डं रिकामी. लेन्स पुसायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा. ट्रायपॉड पावणेतीन किलोचा. हलका मिळतो, पण वाऱ्यात हलतो.

मग एक ॲल्युमिनियमची पट्टी निघते. गावातल्या लेथवाल्याकडून साडेचारशेला बनवून घेतलेली. मामा मला समजावतात. "एक डोळा मिटा. बोट नाकासमोर धरा. आता मान फिरवा. बोट भिंतीवरून सरकतं का नाही?" सरकतं. कॅमेऱ्याचंही तसंच होतं. तो स्वतःच्या बुडावर फिरला तर जवळची बाभूळ लांबच्या डोंगरावरून सरकते, आणि मग दोन फोटो जोडताना बाभळीला दोन खोडं येतात. या पट्टीवर कॅमेरा मागं सरकवून बसवला की तो लेन्सच्या आतल्या एका ठरावीक बिंदूभोवती फिरतो. मग जोड बसतो. विकतची अशी पट्टी आणि फिरकी पंधरा हजारांच्या पुढं जाते. मामांनी फिरकीवर शाळेच्या कंपासपेटीतला कोनमापक चिकटवलाय. दर पंचवीस अंशांवर नेलपॉलिशचा ठिपका.

"हे कुठं शिकलात?"

"लोणारला. मेहकरकडचं लग्न करून येताना थांबलो होतो. विवर आहे पावणेदोन किलोमीटर रुंद. काठावर उभं राहिलं की कुठल्याच लेन्समध्ये मावत नाही. तेव्हा तुकडे करून काढलं. घरी येऊन जोडलं तर पाण्याचा काठ तीन ठिकाणी तुटलेला."

सायंकाळी ५.१५

दुकान मामी सांभाळणार. त्या शिलाई मशीनवरून उठून येतात. "पाणी घेतलं का? विंचवाकाट्याचं बघून पाय टाका." डबा देतात. मामा वहीत लिहितात. पेट्रोल दोनशे. भाच्याची रात्र चारशे. लग्नात त्याला दिवसाचे आठशे मिळतात, आकाशाला निम्मे. भाच्याची हरकत नाही. त्याला स्वतःला हे शिकायचंय.

दोन मोटरसायकली. मी मामांच्या मागं, मांडीवर ट्रायपॉड.

सायंकाळी ५.५०

रस्ता डोंगरातून जातो. साग उघडा पडलाय, पळस फुलून गेलाय. वाटेत शेताशेतांत हळद पसरलेली. शिजवून वाळत घातलेली, पिवळीजर्द. एका बांधावर लोखंडी पिंपांतून वाफ निघतेय. या दिवसांत हळदीचे कुकर रात्रीही चालतात. मामा गाडी हळू करून धूर कुठल्या दिशेला जातो ते बघतात. वारा पश्चिमेचा, म्हणजे धूर आपल्यापासून लांब. चेहरा जरा मोकळा होतो.

औंढ्याजवळच दुधाळ्याच्या शिवारात लायगो-इंडियाची जागा आहे. काटकोनात दोन भुजा, एकेक चार किलोमीटर लांब. केंद्र सरकारनं २०१६ मध्ये तत्त्वतः होकार दिला आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपये मंजूर केले. दूर अंतराळात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की अवकाशात जी लहर उठते, ती इथं मोजायची. अमेरिकेतल्या अशाच दोन यंत्रांनी ती पहिल्यांदा पकडली १४ सप्टेंबर २०१५ ला.

"त्यांना अंधार लागत नाही," मामा हेल्मेटमधून ओरडतात. "त्यांना जमीन गप्प पाहिजे. ट्रक गेला तरी त्यांचं काम बिघडतं. मला ट्रक चालतो, हेडलाइट चालत नाही."

सायंकाळी ६.३०

सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्याचा काठ. पूर्णा नदी येलदरीहून खाली येते आणि इथं पुन्हा अडते. धरणाच्या भिंतीकडं आपण जात नाही, तिथं मनाई आहे. आपण लांब, गाळपेराच्या बाजूला. पाणी उन्हाळ्यानं मागं सरलंय. जिथं दिवाळीत होड्या होत्या तिथं आता भेगाळलेली काळी माती. एकेक भेग हात जाईल एवढी. मधून पाण्यानं कापलेली एक घळ, दोन पुरुष खोल, दोन्ही बाजूंना काळ्या दगडाचे उघडे थर.

भाचा मोबाइल काढून तेच वाळवंटातलं चित्र दाखवतो. मग समोर बोट करतो. खरंच, लाल रंग काढून टाकला तर फार फरक नाही. तिथला दगड वाळूचा, थरावर थर साचून झालेला. इथला लाव्ह्याचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अमेरिकेतल्या युटा राज्यातली असलीच एक दगडी कमानींची जागा २००७ मध्ये जगातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' झाली. आपल्याकडं तो मान २०२४ च्या जानेवारीत पेंचला मिळाला. मामांना हे सगळं पाठ आहे. पेंचला जाऊन यायचा खर्चही पाठ आहे. म्हणून ते सिद्धेश्वरला येतात.

जागा उजेडातच ठरवावी लागते. मामा घळीच्या काठावर तीन ठिकाणी उभे राहून बघतात. एका ठिकाणी विजेची तार मधे येते. दुसरीकडं दगड डगडगतो. तिसऱ्या ठिकाणी चुन्यानं फुली मारतात. चुना तंबाखूच्या पुडीतला.

सायंकाळी ७.१५

गाळपेर ज्यांचं आहे ते काका काठी टेकत येतात. उन्हाळी भुईमूग लावलाय. रात्री रानडुकरं येतात, म्हणून बाज टाकून इथंच झोपतात.

"आज पुन्हा चांदण्या मोजायलाव का?"

"हो काका. बाराला लाइट आहे का आज?"

"या आठवड्यात रात्रीचीच पाळी आहे. बारा ते आठ. येते कवा, भरवसा नाही."

काका बॅटरी दाखवून जातात. मामांच्या कपाळाला आठी पडते. ते काही बोलत नाहीत. डबा उघडतात. पोळी, वांग्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी.

रात्री ८.३०

अंधार भरला. मामा खिशातून छोटी टॉर्च काढतात. तिच्या तोंडाला लाल कागद रबरानं बांधलाय. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि पांढऱ्या उजेडाच्या एका झटक्यात ती जाते. लाल मंद उजेडानं जात नाही. वडिलांच्या डार्करूममधला लाल बल्बही साधारण याच कामाचा, पण कागदासाठी. कृष्णधवल फोटोच्या कागदाला लाल उजेड दिसत नसे.

"बाबा लाल उजेडात काम करायचे. मी पण लाल उजेडातच करतो. त्यांचं छप्पर खाली होतं एवढंच."

माझा मोबाइल काढून घेतला जातो आणि पिशवीत उपडा ठेवला जातो.

पश्चिमेला मृग कलतोय. त्याच्यातले तीन तारे, तिकांडं, एका रेषेत खाली चाललेले. उत्तरेला सप्तर्षी वर चढलेत. काकांच्या भाषेत ती म्हातारीची बाज. चार तारे बाजेचे पाय, तीन तारे बाज पळवणारे चोर. क्षितिजावर तीन ठिकाणी पांढुरका फुगवटा दिसतो. ईशान्येला हिंगोली, दक्षिणेला लांब परभणी, आणि आग्नेयेला, सगळ्यांत जवळचा, आपला औंढा.

आकाशगंगा कुठंय?

"अजून यायचीय. बाराच्या आधी कामाचं काही नाही. झोपा."

रात्री ९.४५

ताडपत्रीवर आडवं होतो. माती अजून गरम आहे. दिवसभर प्यालेलं ऊन ती आता सोडतेय. टिटवी ओरडत पाण्यावरून जाते. भाचा दोन मिनिटांत घोरायला लागतो. मामा झोपत नाहीत, दर दहा मिनिटांनी आकाशाचा काठ बघतात. मागच्या अमावस्येला अवकाळीचे ढग आले होते. पेट्रोल आणि भाच्याची रात्र, सगळं पाण्यात.

"ढगाचे पैसे कुणाकडून मागायचे?" एवढं बोलून गप्प.

रात्री ११.३०

भाच्याला उठवलं जातं. ट्रायपॉड चुन्याच्या फुलीवर. तीन पाय तीन दगडांवर दाबून बसवतात. मध्यभागी दगडांची पिशवी लटकवतात, वाऱ्यासाठी. बुडबुड्याच्या लेव्हलमध्ये बुडबुडा मधोमध यायला आठ मिनिटं लागतात. इथं अर्धा अंश चुकलं तर शेवटच्या फोटोपर्यंत क्षितिज वाकडं होतं.

मग फोकस. अंधारात कॅमेरा आपणहून फोकस करू शकत नाही. मामा लेन्स स्वातीकडं वळवतात. डोक्यावरचा तांबूस-पिवळा ठळक तारा. पडद्यावर तो दहापट मोठा करतात. आधी तो लाडवासारखा दिसतो. रिंग केसभर फिरवत नेली की लाडवाची शेंगदाण्याची फोड होते, मग मोहरी. मोहरी झाली की रिंगवर चिकटपट्टी. आता पहाटेपर्यंत त्या रिंगला हात लावायचा नाही.

रात्री १२.४०

आग्नेयेला वृश्चिक पूर्ण वर आलाय. मधला लालसर तारा ज्येष्ठा. खाली वळलेली शेपटी, ते मूळ नक्षत्र. शेपटीच्या डावीकडं, क्षितिजालगत, धूर असावा तसा पांढरट पट्टा. तो धूर नव्हे. आपल्या आकाशगंगेचं केंद्र त्याच बाजूला आहे. ज्यानं या नक्षत्राचं नाव मूळ ठेवलं त्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण नाव बसलंय.

काम अजून सुरू नाही. पट्टा क्षितिजावर आडवा लोळलाय. दोनच्या सुमाराला तो उठेल, दक्षिणेकडून ईशान्येपर्यंत कमान होईल. फार उशीर केला तर कमान डोक्यावर जाते आणि चित्रात ताणली जाते. हातात पाऊण तास असतो.

बारा वाजून गेले. काकांच्या पंपाकडं अंधार. लाइट आलेली नाही.

रात्री २.०५

"चल."

कॅमेरा उभा. अपर्चर दोन, आयएसओ ६४००, पंधरा सेकंद. जास्त वेळ उघडा ठेवला तर पृथ्वी फिरते आणि तारे रेघा होतात. भाचा कोनमापकाजवळ लाल टॉर्च धरतो. मामा पहिल्या ठिपक्यावर फिरकी थांबवतात आणि रिमोटचं बटण दाबतात.

पंधरा सेकंद कुणी हलत नाही. चालायचं नाही, जमीन हलते. खोकायचं असेल तर आधी सांगायचं.

खट्. "दोन." फिरकी पंचवीस अंश. खट्.

प्रत्येक फोटोत शेजारच्या फोटोचा जवळजवळ अर्धा भाग पुन्हा येतो. तेवढी मिठी असली तरच जोडताना तारे एकमेकांना ओळखतात. एका ओळीत आठ फोटो. मग कॅमेरा तीस अंश वर आणि दुसरी ओळ, पुन्हा आठ. शेवटी जमिनीची ओळ, आठ. एकूण चोवीस.

पहिली ओळ सव्वातीन मिनिटांत संपते. मामा पडद्यावर हात धरून फोटो बघतात. मी डोकावतो. डोळ्याला जे राखाडी होतं ते पडद्यावर उजळून निघालंय. मधे काळे फाटे. ते फाटे म्हणजे ताऱ्यांच्या आड आलेली धूळ.

दुसरी ओळ. एक. दोन. तीन. चार.

रात्री २.१८

पाचव्या फोटोत लाइट आली.

घळीच्या पलीकडं खट्ट आवाज होतो, मोटर गुरगुरते. पंपाला ऑटो बसवलेलं आहे, वीज आली की मोटर आपोआप सुरू. आणि मोटरबरोबर खांबावरचा एलईडी बल्बही. पांढरा झोत सरळ आपल्या तोंडावर. घळीचा काठ चुना फासल्यासारखा. माझ्या डोळ्यांपुढं हिरवे गोळे.

भाचा शिवी गिळतो. मामा कॅमेऱ्यावर टॉवेल टाकतात आणि घड्याळ बघतात. मोटर बंद करा म्हणता येत नाही. लाइट आधीच सव्वादोन तास उशिरा आलीय, भुईमुगाला पाणी आजच जायला हवं.

"काका! ओ काका! बल्ब तेवढा काढा! मोटर राहू द्या!"

पलीकडून काही ऐकू येत नाही. भाचा चपला हातात घेऊन घळीत उतरतो. पाच मिनिटं जातात. मग बल्बसमोर एक आकृती येते. खांद्यावर पोतं. काका बल्बला हात लावून बघतात, भाजतो. पोत्याचा बोळा करून धरतात, फिरवतात. अंधार.

अंधार इतका एकदम येतो की आवाज झाल्यासारखा वाटतो.

मोटर चालू आहे. पाणी पाटात पडतंय. काकांचा आवाज येतो, "लवकर आटपा, मला नाक्या फोडायच्यात."

रात्री २.३५

दुसरी ओळ पहिल्यापासून. मधल्या पंधरा मिनिटांत आकाश जवळजवळ चार अंश पुढं सरकलंय. जुनी पहिली ओळ नव्या दुसरीशी जुळणार नाही. म्हणून पहिलीही पुन्हा. सोळा फोटो, सात मिनिटं. कमान अजून हातात आहे. डाव्या अंगाला अभिजित, त्याच्याखाली हंस आणि श्रवण. उजव्या अंगाला वृश्चिक. आणि बरोब्बर केंद्राखाली औंढ्याचा पांढुरका फुगवटा.

"देऊळ तिथंच आहे," मामा हळूच म्हणतात. "त्या उजेडाखाली."

पहाटे ३.००

आकाश संपलं. आता जमीन. जमीन कॅमेऱ्याबरोबरच फिरते, तिच्या रेघा होत नाहीत. म्हणून इथं शटर दोन-दोन मिनिटं उघडं, आयएसओ १६००. काका दरम्यान बाजेवर बसून राहतात. बॅटरी बंद. आठ फोटो, सोळा मिनिटं. मामांनी बटण दाबायच्या मधल्या वेळात त्यांना दोनदा विचारलं, जाऊ का म्हणून. ते म्हणाले, काढा.

शेवटचा खट् झाल्यावर मामा मोठ्यानं ओरडतात, "झालं काका!" बॅटरीचा उजेड पाटाच्या कडेनं चालायला लागतो. थोड्या वेळानं फावड्याचा आवाज.

पहाटे ३.३०

आता झाकण लावून दहा फोटो. काहीच दिसणार नाही असे काळे फोटो, तेही पंधरा-पंधरा सेकंदांचे. गरम रात्री कॅमेऱ्याचा सेन्सर तापतो आणि नसलेले ठिपके दाखवतो. काळ्या फोटोत तेच खोटे ठिपके येतात. मग कॉम्प्युटर ते खऱ्यातून वजा करतो.

"हा धंद्यातला एकच फोटो, ज्यात गिऱ्हाईक डोळे मिटत नाही," भाचा म्हणतो.

पहाटे ४.५०

पूर्वेचा काळा रंग पातळ होतो. पुसट तारे आधी जातात. सामान आवरलं जातं. बूट झटकून घालतो. भाच्याच्या बुटातून विंचू नाही, भुईमुगाचं टरफल निघतं. मामा चुन्याची फुली पायानं पुसतात. ताडपत्रीखालची बाटली, रबर, कागद, सगळं पिशवीत.

जाताना काकांच्या खांबावर मामा स्वतः बल्ब परत बसवतात. तीस रुपये द्यायला जातात, काका हात मागं घेतात. "फॉर्मला फोटो लागायलेत. येतो बाजाराला, तेव्हा बघू."

सकाळी ६.१०

सूर्य वर. औंढ्याच्या पहिल्या टपरीवर चहा, दहाला एक. खारीचा तुकडा चहात बुडतो आणि तुटतो. देवळाकडून घंटा ऐकू येते. रांगेत माणसं, हातात बेलाची पानं. रस्त्यावरचे उंच दिवे अजून चालू आहेत. उन्हात ते नुसते पांढरे ठिपके दिसतात.

मामांचे डोळे लाल. "दोन तास झोपतो," म्हणतात. दीड तासात दुकानात हजर.

सकाळी ९.३०

कॉम्प्युटर आठ वर्षांचा. चोवीस फाइली, एकेक तीसेक एमबीची. आधी काळे फोटो वजा. मग जोडकाम. पडद्यावर हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकते. पासष्ट टक्क्यांवर वीज जाते. यूपीएस किंचाळतो. मामा काउंटरवर हात टेकून उभे राहतात, जसं कुणाच्या तरी नाडीचं मोजमाप चाललंय. सात मिनिटांनी वीज येते. पट्टी वाचली.

अकराला चित्र पूर्ण होतं. क्षितिजापासून क्षितिजापर्यंत कमान, खाली काळी घळ, भेगाळलेली माती, डावीकडं पाण्यात ताऱ्यांचे बारके प्रतिबिंब-ठिपके. मामा चित्र मोठं करून जोड तपासतात. एका बाभळीला दोन शेंडे आलेत. अर्धा तास त्या शेंड्याशी. खोड मात्र एकच. साडेचारशेची पट्टी पावली.

बल्ब लागलेला तो पाचवा फोटो त्यांनी पुसलेला नाही. वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलाय. मी कारण विचारलं नाही.

वहीत उजवं पान. पेट्रोल २००, भाचा ४००, चहा-खारी ६०. छपाई, कापड आणि चौकट धरून अजून साडेतीन हजार जायचेत. डावं पान, आगाऊ २,०००. बाकी ५,००० पसंतीनंतर.

दुपारी १२.०५

चित्र लहान करून लॉजमालकांच्या मोबाइलवर धाडलं. पाच मिनिटांत फोन. मामा स्पीकर लावतात, कारण हाताला शाई लागलीय.

"भारी आलंय हो. एक नंबर. पण देऊळ कुठंय?"

"आहे की. मधोमध तो पांढुरका उजेड दिसतो ना, त्याच्या खाली."

"उजेड काय भिंतीला लावू? लोकांना देऊळ दिसलं पाहिजे."

"देवळावरून आकाश दिसत नाही, शेठ. आकाशाखालून देऊळ दिसत नाही. दोन्ही वेगळे काढून चिकटवता येतात. पण मग मी मागं तसं लिहून देणार, जोडचित्र म्हणून."

"लिहा की मागं. मागं कोण बघतंय?" पलीकडून हसण्याचा आवाज. "नामदेवांसाठी अख्खं देऊळ फिरलं. आमच्यासाठी तुम्ही एवढं सरकवा."

मामाही हसतात. संध्याकाळी सांगतो म्हणतात आणि फोन ठेवतात. वही ओढतात. आ च्या ओळीखाली नवी ओळ लिहितात. देऊळ, दिवसा, वेगळे. पुढं रकमेची जागा मोकळी.

दारात एक बाई, कडेवर पोरगं. अंगणवाडीसाठी पोराचा फोटो पाहिजे. पोरगं निळ्या पडद्याकडं बघून भोकाड पसरतं. मामा लाल टॉर्च काढतात आणि त्याच्यासमोर लावतात, विझवतात, लावतात. पोरगं गप्प होऊन बघायला लागतं.

"हनुवटी जरा वर. झालं."

पन्नास रुपये. डावं पान.